घरचा ट्रस्ट म्हणजे घरची तिजोरी नव्हे



"अगं, घरचाच ट्रस्ट आहे, त्याचा कसला हिशोब मागतेस?" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आज त्यावर लिहायचंच ठरवलं. सासरे विधवा सुनेसाठी, पोरक्या नातवाच्या शिक्षणासाठी काही रक्कम आणि एखादा गाळा ट्रस्टमध्ये ठेवतात. थोरला मुलगा ट्रस्टी, सोबत 'नावापुरती' त्याची बायको. सासरे गेले की तो पैसा दुकानाच्या भांडवलात मिसळतो. धाकटी जाऊ मुलाची फी मागायला जाते तेव्हा तिला उपकार केल्यासारखे पैसे मिळतात. तिचेच पैसे!

याला घरगुती सोय म्हणू नका. हा कायद्याचा भंग आहे आणि व्रताचाही.

आधी कायदा बघू. मंदिर, धर्मशाळा यांचे सार्वजनिक ट्रस्ट वेगळ्या कायद्यात येतात. कुटुंबातल्या ठरावीक माणसांसाठी केलेल्या खासगी ट्रस्टला 1882 चा भारतीय न्यास कायदा लागू होतो. ट्रस्टी होण्याची सक्ती कुणावरच नाही. पण एकदा जबाबदारी घेतली की मनाला येईल तेव्हा ती झटकता येत नाही. कलम 15 म्हणतं, शहाणा माणूस स्वतःची मालमत्ता जपतो तशी ही जपा. कलम 19 प्रमाणे हिशोब स्वच्छ ठेवायचा आणि लाभार्थ्याने मागितला की पूर्ण माहिती द्यायची. म्हणजे धाकट्या जावेने हिशोब मागणं हा आगाऊपणा नव्हे, तो तिचा हक्क आहे. कलम 51 प्रमाणे ट्रस्टची मालमत्ता ट्रस्टीने स्वतःच्या फायद्यासाठी वापरायची नाही. गाळा विकायचं काम ज्याच्याकडे आहे, त्याने तो स्वतः किंवा कुणाच्या आडून विकत घ्यायचा नाही, हे कलम 52. आणि ट्रस्टीच्या चुकीने नुकसान झालं तर ते त्याने भरून द्यायचं.

आता 'नावापुरत्या' ट्रस्टी झालेल्या माझ्या बहिणींना सांगते. "हे सांगतात तिथे मी सही करते" हे उत्तर चालणार नाही. ट्रस्टमध्ये काय आहे हे जाणून घेणं तुमचंही कर्तव्य आहे. सोबतचा ट्रस्टी पैसा वळवतोय हे कळूनही गप्प बसलात, तर कलम 26 खाली जबाबदारी तुमच्यावरही येते. तो तुमचा नवरा आहे म्हणून सूट नाही.

काहीजण म्हणतील, घरात कायदा आणला की विश्वास मोडतो. दिवाळीला वहीपूजन करणारी माणसं आपण. सख्ख्या भावांच्या भागीदारीतही रोजमेळ लिहितो, तिथे विश्वास मोडत नाही. मग पोरक्या पुतण्याचीच वही कोरी का?

आणि धर्म काय म्हणतो? दशलक्षण पर्वात तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय आपण ऐकतो. सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत 'न्यासापहार' येतो. ठेव ठेवणारा आकडा विसरला, त्याने कमी मागितलं आणि आपण "हो, तेवढंच होतं" म्हणून गप्प बसलो, तर तो न्यासापहार. लक्षात घ्या, हा दोष अचौर्याखाली नाही, सत्याखाली सांगितला आहे. इथे तिजोरी फोडावी लागत नाही. समोरच्याच्या अज्ञानावर मौन पाळलं की झालं. धाकट्या जावेला ट्रस्टचा कागदच दाखवायचा नाही, हे याहून वेगळं काय आहे? मंदिराच्या भांडारातला रुपया घरात येऊ नये म्हणून आपण किती जपतो! घरातल्या विधवेचा रुपया दुकानात जाताना ते भान कुठे जातं?

मी बी.कॉम. झाले त्याला चाळीसहून अधिक वर्षं झाली, पण या कामाला पदवी लागतच नाही. ट्रस्टचं बँक खातं वेगळं ठेवा. जमा-खर्चाची वही लिहा. वर्षातून एकदा लाभार्थ्यांना समोर बसवून ती वाचून दाखवा, ट्रस्टच्या कागदाची प्रत त्यांच्या हातात द्या. हे जमत नसेल तर ट्रस्टी होऊ नका. नकार देण्यात काहीच कमीपणा नाही.

क्षमावाणीला हात जोडून माफी मागितली म्हणून दुसऱ्याची रक्कम आपली होत नाही. आधी ती परत जमा करा, मग हात जोडा.