अर्ध्या सेकंदाची गोष्ट

पावसाळ्यातला एक शनिवार. ताम्हिणी घाट, धुकं, धबधबे, कडेला भाजलेली कणसं आणि ड्रायव्हिंग सीटवर अस्मादिक. गाडी माझी नव्हे. माझ्या एका आयटीवाल्या मित्राची नवीकोरी टर्बो हॅचबॅक. ऑटोमॅटिक गिअर, स्टीअरिंगमागे पॅडल्स आणि डॅशबोर्डवर इतके दिवे, की गणपतीची आरास फिकी पडावी. महाशय स्वतः शेजारी बसून मोबाइलमध्ये डोकं घालून होते. एका वळणावर डोंगरावरून आलेलं पाणी रस्ता ओलांडून वाहत होतं आणि माझा वेग, खरं सांगते, जरा जास्तच होता. गाडीचा मागचा भाग सर्रकन बाहेर गेला. पोटात गोळा! मी काहीतरी स्टीअरिंग फिरवलं, खालून घर्रर्र असा आवाज आला, समोर एक पिवळा दिवा दोन-तीनदा लुकलुकला आणि गाडी सरळ.

पुढचे दोन किलोमीटर मी हवेत होते. काय सॉलिड सांभाळली आपण! शेवटी राहवेना. म्हटलं, ''बघितलंस?''

मान वर न करता उत्तर आलं, ''ईएसपी आहे गं. त्याने केलं ते.''

झालं. फुग्याला टाचणी.

नंतर घरी येऊन वाचलं, तर त्याचं बरोबर होतं. स्टीअरिंग किती वळलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय, याचा हिशोब ही यंत्रणा सेकंदात कितीतरी वेळा करते. दोन्हींचा मेळ बसेना, की ती एकाच चाकाला ब्रेक लावते, इंजिनाची ताकद कमी करते आणि गाडीचं नाक जागेवर आणते. माझ्या शूर हातांनी काही करायच्या आत कार्यक्रम उरकलेला होता.

आता गंमत अशी, की आमच्या कट्ट्यावर जुन्या स्पोर्ट्सकार्सची वकिली करणारी मीच. 'काँप्युटरने चालवलेल्या गाडीत काय मजा?' हा माझा ठरलेला डायलॉग. आणि त्याच काँप्युटरने मला दरीपासून लांब ठेवलेलं. म्हणून ठरवलं, की हा वाद यावेळी जरा प्रामाणिकपणे घालू या.

सुरुवात पोर्शेपासून. २०१३ मध्ये पोर्शेने जिनिव्हाच्या शोमध्ये नवी '९११ जीटी३' आणली. जीटी३ म्हणजे ९११ मधली रेसच्या वळणाची गाडी, ट्रॅकवेड्यांची लाडकी. तोवरच्या प्रत्येक जीटी३ला तीन पेडल आणि हाताने टाकायचा गिअर असायचा. नव्या गाडीत क्लचचं पेडलच गायब! फक्त 'पीडीके', म्हणजे दोन क्लचवाला गिअरबॉक्स. एका क्लचवर एक-तीन-पाच, दुसऱ्यावर दोन-चार-सहा. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हाच चौथा आत तयार बसलेला असतो. पॅडल दाबलं, की एक क्लच सुटतो, दुसरा धरतो. माणसाचा डावा पाय कितीही तयारीचा असो, त्याला हे जमणं शक्य नाही.

म्हणजे गाडी जास्त वेगवान झाली. मग गिऱ्हाइकांनी आनंदाने उड्या मारायला हव्या होत्या ना? उलट बोंबाबोंब झाली. 'आमचा गिअर परत द्या!' २०१६ मध्ये पोर्शेने '९११ आर' नावाची गाडी काढली. जवळपास तेच इंजिन, ५०० हॉर्सपॉवर आणि फक्त हाताचा गिअर. मोजून ९९१ गाड्या. त्या हातोहात गेल्या आणि सेकंडहँड बाजारात त्यांचे भाव मूळ किमतीच्या कितीतरी वर पोचले. कंपनीला काय ते समजलं. २०१७च्या जीटी३मध्ये हाताचा गिअर परत आला, तोही जादा पैसे न घेता.

आता त्याच २०१७च्या गाडीचे कंपनीनेच दिलेले आकडे बघा. शून्य ते शंभर, पीडीके : ३.४ सेकंद. हाताचा गिअर : ३.९ सेकंद. (टॉप स्पीडमध्ये मात्र हाताचा गिअर दोन किलोमीटरने पुढे, ३२०. तेवढंच समाधान!)

अर्धा सेकंद. करोडोंची गाडी घ्यायची आणि जाणूनबुजून अर्ध्या सेकंदाने मागे पडायचं, तेही हौसेने. माझ्या मित्राच्या एक्सेल शीटमध्ये हे बसतच नाही. ''वेग कमी, कष्ट जास्त, मग घ्यायचं कशाला?'' तो विचारतो. प्रश्न चुकीचा नाही.

उत्तर शोधायला मला थोडं मागे जावं लागलं. १९६२ ची लोटस इलान. ब्रिटिश, दोन सीटची, फायबरग्लासची बॉडी, दीड लिटरच्या आसपासचं इंजिन आणि शंभर-सव्वाशेच्या आतबाहेरची हॉर्सपॉवर. आजच्या हिशोबाने ताकद बेताचीच. पण वजन? जेमतेम ६८० किलो. लोटसचा कॉलिन चॅपमन हा वजनाचा कट्टर शत्रू. ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर पळेल, वजन घटवलं तर सगळीकडेच पळेल, असा त्याचा खाक्या. आणि वजन कमी म्हणजे गाडी आणि ड्रायव्हर यांच्यामधल्या गाद्या-गिरद्याही कमी. पुढच्या चाकांना काय वाटतंय, ते थेट तळहातात. टायरची पकड सुटायला लागली, की स्टीअरिंग आधी हलकं पडतं. म्हणजे गाडी सांगते, 'बाई, पुढे धोका आहे, बघ.' ऐकायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवायचं.

पुढे जपानी लोकांनी हीच गोष्ट उचलली आणि बिघडत नाही अशी करून दाखवली (ब्रिटिश स्पोर्ट्सकार्सचे मालक इथे हसतील किंवा रडतील). १९८९ मध्ये माझदाची 'एमएक्स-५' आली, जग जिला मियाटा म्हणतं. १.६ लिटरचं इंजिन, वजन टनाच्या आत, मागची चाकं ओढणारी आणि छोटासा, कटकन बसणारा गिअर. 'जिनबा इत्ताई' हा माझदाचा मंत्र, म्हणजे घोडा आणि स्वार एकच. २०१६ मध्ये दहा लाखावी मियाटा तयार झाली. वेगात तिला कितीतरी गाड्यांनी मागे टाकलं असेल, पण दहा लाख माणसांनी पैसे मोजले ते स्टॉपवॉचसाठी नक्कीच नाही.

आता दुसरी बाजू. तिचा राजा माझ्या मते एकच, निस्सान जीटी-आर. २००७ च्या टोकियो शोमध्ये अवतरलेली. ३.८ लिटरचं ट्विन-टर्बो इंजिन, चारही चाकांना ताकद, दोन क्लचचा गिअरबॉक्स आणि कुठल्या क्षणी कुठल्या चाकाला किती द्यायचं याचा हिशोब करणारा काँप्युटर. वजन १७४० किलो, म्हणजे अडीच इलान! आणि तरी जर्मनीतल्या नुरबुर्गरिंगवर, सुमारे २१ किलोमीटरच्या त्या वळणावळणाच्या ट्रॅकवर, तिने पहिल्याच वर्षी ७ मिनिटं ३८ सेकंदांची फेरी मारून युरोपातल्या महागड्या मंडळींना घाम फोडला. डॅशबोर्डवरचा डिस्प्ले डिझाइन केला होता पॉलिफनी डिजिटलने. होय, 'ग्रॅन टुरिस्मो' हा व्हिडिओ गेम बनवणारे तेच. जपानमधल्या गाडीला तर जीपीएसवरून कळायचं, की आपण रेस ट्रॅकवर आलोय, आणि मगच तिथे १८० ची वेगमर्यादा काढता यायची. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिचं उत्पादन थांबलं, तेव्हा मलासुद्धा हुरहुर लागली. म्हणजे बघा, मी, जुन्या गाड्यांची वकील!

आपल्याकडे घराघरात 'फेरारी' हा शब्द पोचवला तो सचिनने. २००२ मध्ये शूमाकरच्या हातून त्याला ३६० मोडेनाची किल्ली मिळाली आणि मग तिच्या कस्टम्स ड्युटीवरून जो काही गदारोळ झाला तो आमच्या आईबाबांना अजून आठवतो. पुढे त्याच सचिनकडे जीटी-आरही आली. तेव्हा 'खरे शौकीन काँप्युटरवाली गाडी घेत नाहीत' वगैरे बोलण्यात अर्थ नाही.

मग मला खटकतं काय? मला वाटतं, काँप्युटर दोन वेगळी कामं करतो आणि आपण दोन्ही एकाच बिलात जोडतो. एक काम जीव वाचवायचं. दुसरं काम माझं काम करायचं.

पहिल्याबद्दल भांडण नाही. ईएसपी १९९५ मध्ये मर्सिडीज आणि बॉशने बाजारात आणलं. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेच्या अभ्यासात आढळलं, की त्यामुळे एकट्या गाडीच्या जीवघेण्या अपघाताचा धोका जवळपास निम्म्यावर येतो. त्याच्या उलट उदाहरण म्हणजे पोर्शेचीच कॅरेरा जीटी. २००३ ते २००६ दरम्यान बनलेली, व्ही-१० इंजिन, सहाशेवर हॉर्सपॉवर, हाताचा गिअर आणि ईएसपी नाही. जुन्या पद्धतीच्या भक्तांची ही पंढरी. 'फास्ट अँड फ्युरियस'चा पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात गेला तो याच गाडीत. चालवत होता त्याचा मित्र. तपासात कारण निघालं अतिवेग. गाडीचे टायरही नऊ वर्षं जुने होते. ईएसपी असतं तर वाचले असते, असं मी म्हणणार नाही, तेवढं मला कळत नाही. पण ताम्हिणीतल्या त्या वळणानंतर 'गाडीने माफ करता कामा नये' असली रोमँटिक वाक्यं माझ्या तोंडून निघत नाहीत, एवढं खरं.

दुसऱ्या कामाचं मात्र हसू येतं. मॅक्लॅरेनच्या २०१७ च्या ७२०एसमध्ये स्क्रीनवर एक पट्टी आहे. मोबाइलचा ब्राइटनेस सरकवतो तशी ती सरकवायची आणि गाडी किती आडवी घसरू द्यायची ते ठरवायचं. बाकी काँप्युटर बघून घेतो! बीएमडब्ल्यूने २०११ च्या एम५ मध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून ऐकवायला सुरुवात केली, कारण खरा आवाज केबिनपर्यंत पोचेना. आणि कळस म्हणजे ह्युंदाईची २०२३ ची आयोनिक ५ एन. इलेक्ट्रिक गाडी, तिला गिअर लागतच नाहीत. तर तिच्यात आठ खोटे गिअर घातलेत! पॅडल दाबलं की हलकासा झटका, इंजिनाचा खोटा आवाज, सगळं साग्रसंगीत. बरं, चालवून आलेले पत्रकार तिचं कौतुक करतात. आधी काँप्युटरने गिअर काढून घेतला आणि आता तोच त्याची नक्कल परत विकतोय. त्या अर्ध्या सेकंदात काहीतरी होतं, याचा याहून मोठा कबुलीजबाब कुठला हवा?

काय होतं, ते मला बाबांच्या मारुती ८०० मध्ये कळलं होतं, फक्त तेव्हा नाव माहीत नव्हतं. ७९६ सीसी, सदतीस-एक हॉर्सपॉवर, पॉवर स्टीअरिंग नाही, एबीएस नाही, काही नाही. वजन सुमारे साडेसहाशे किलो, म्हणजे इलानपेक्षाही हलकी, घ्या! मी त्यावर गाडी शिकले. कात्रजच्या चढावर तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना बाबा म्हणायचे, ''कान दे.'' इंजिनाचा आवाज ऐकून, थोडी रेस देऊन क्लच सोडायचा. चुकलं की गाडी मान हलवायची. जमलं की काहीच व्हायचं नाही, गिअर लोण्यासारखा बसायचा. ते 'काहीच न होणं' मी केलेलं असायचं. स्पोर्ट्सकारची बड्या लोकांची भाषा बाजूला ठेवली, तर तिथेही हेच विकत घेतात, फक्त नऊ हजार आरपीएमला. गाडीला आपली गरज लागणं.

आणि आता खरी गोची ऐका. मला गिअर शिकवणाऱ्या बाबांनी गेल्या वर्षी ऑटोमॅटिक घेतली. गुडघा. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास हाफ क्लचवर काढून घरी आले, की पाय सुजलेला. मी एकदा वाद घालून बघितला. ''तुला अर्ध्या तासाच्या घाटासाठी गिअर हवाय,'' ते म्हणाले, ''मला रोजच्या सिग्नलसाठी नकोय.'' यावर काय बोलणार? रोज ऑफिसला जाताना मलाही नकोच असतो, पण हे त्यांना सांगितलं नाही.

८०० मात्र विकू दिली नाही. गेल्या रविवारी तिचं स्टीअरिंग त्या आयटीवाल्या मित्राच्या हातात दिलं. म्हटलं, चल, आज ईएसपी नाही. पठ्ठ्याने पहिल्याच सिग्नलला तीनदा बंद पाडली. मागे हॉर्नचा कल्लोळ, एक रिक्षावाला तर खिडकीशी येऊन आमच्या खानदानाची चौकशी करून गेला. मागच्या सीटवरून बाबा शांतपणे, ''घाई नको. आवाज ऐक. आता सोड, हळू.'' चौथ्यांदा गाडी हलली. दुसरा पडला, तिसरा पडला. आरशात बघितलं तर साहेब एकटेच हसत होते, आणि मोबाइल डॅशबोर्डवर वाजतोय याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.