खडकावरचा दिवा

दीपस्तंभ म्हटला की ‘इकडे या’ असे बोलावणारा दिवा आपल्या डोळ्यांपुढे येतो. वस्तुतः त्याचे पहिले सांगणे ‘येथे येऊ नका’ असेच असते. मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यापुढील खडकांवर १८७५ साली उभारलेला प्राँग्स दीपस्तंभ पाहा. जेथे धोका, तेथेच दिवा. शिवाय प्रत्येक दीपस्तंभाची उघडझाप ठरलेली व दीपसूचीत नोंदलेली असते. त्यावरून खलाशी काळोखातही आपले ठिकाण ओळखतो.

बँकेत कर्जविभाग सांभाळताना मला याची वारंवार आठवण होई. एकदा धान्याचे एक व्यापारी हप्त्याच्या तारखेपूर्वीच वह्या घेऊन आले. म्हणाले, “साहेब, माल भिजला. या तिमाहीत हप्ता जमणार नाही.” आम्ही मुदत वाढवून दिली, पुढे त्यांनी सारे कर्ज फेडले. दुसऱ्या एका गृहस्थांनी मात्र तोटा लपवून गोदामातील माल फुगवून दाखवला. सत्य उघड झाले तेव्हा आमच्या हाती काही उरले नव्हते. त्यांच्या मुलांनाही पेढीची खरी स्थिती त्याच दिवशी कळली.

व्यापारात अडचण येणे हा दोष नव्हे. ती वेळेवर सांगावी, आणि प्रथम घरच्यांना सांगावी. खडकावर दिवा लावल्याने बंदराची अब्रू जात नाही; उलट त्या दिव्याच्या भरवशावरच जहाजे तेथे येतात.