कोयत्याचं पाणी

'मॅडम, आधार कार्ड आणलंय?'

हा प्रश्न मला बँकेत विचारला नव्हता, सिम कार्डच्या दुकानातही नाही. पुण्याच्या बोहरी आळीतल्या एका छोट्याशा दुकानात मी फक्त 'कोयता दाखवा' एवढंच म्हणाले होते! खांद्याला लॅपटॉपची बॅग, पायात ऑफिसच्या सँडल्स आणि तोंडात हा शब्द. शेजारी खिळे मोजून घेणारे काका चक्क दोन पावलं मागे सरकले.

त्यांचा दोष नाही. 'कोयता गँग'च्या बातम्या वाचून आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात तो शब्द तसा बसलाय. २०२३ च्या जानेवारीत पुणे पोलिसांनी विक्रेत्यांना गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाची नोंद ठेवायला सांगितली, ती त्यामुळेच. पण गंमत बघा, ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला याच महाराष्ट्रात 'एक कोयता' म्हणतात. एका शब्दावर कुणाचा अख्खा संसार चालतो आणि आपण त्याच शब्दाला घाबरून मागे सरकतो!

असो. माझी गरज साधी होती. गुहागरजवळ आमचं जुनं घर आहे. तिथे ८२ वर्षांची आजी एकटी राहते. रस्त्यापासून घरापर्यंत चिऱ्यांची पाखाडी आहे. पावसाळ्यानंतर तिच्यावर घाणेरी, रानमोडी आणि करवंदीच्या जाळ्या अशा माजल्या की पायरीच दिसेना. त्यात आमच्याकडे फुरसं निघतं. 'संध्याकाळनंतर मी बाहेर पडतच नाही गं,' आजी फोनवर सहज म्हणाली आणि माझी झोप उडाली. रात्री तिला काही झालं तर तिला खाली रिक्षापर्यंत आणणार कसं? गडी मिळेना, शेजारची घरं मुंबईला गेलेली. म्हटलं, चला, दिवाळीला आपणच जाऊ आणि साफ करू. त्यात काय एवढं!

दुकानदाराने तीन-चार कोयते पुढ्यात टाकले. मी अर्थातच सगळ्यात चकचकीत उचलला. तो हसला. 'हा शो-पीस आहे. हा घ्या,' म्हणत त्याने काळपट, ओबडधोबड, लोहाराच्या हातचा एक दिला. ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यापासून केलेला. हे पोलाद कडक पण लवचीक असतं, दणका सोसतं. किंमत साडेतीनशे रुपये. आपल्या एका पिझ्झ्यापेक्षा स्वस्त! मूठ हलत नाही ना, तिच्या तोंडाशी लोखंडी कडं घट्ट बसलंय ना आणि धारेवर कुठे चीर नाही ना, एवढं बघून मी तो घेतला.

धार मात्र नव्हतीच. स्वस्तातला कोयता बहुतेक वेळा असाच बोथट मिळतो, धार आपण लावायची. मला कुठे वेळ होता? डेडलाइन डोक्यावर! घराजवळ ग्राइंडरवर सुऱ्यांना धार लावून देणारा एक जण बसतो, त्याच्याकडे दिला. ठिणग्यांची मस्त आतषबाजी झाली, पाच मिनिटांत धार तय्यार. धारेच्या कडेला सुंदर निळसर झाक आली होती. मी तर तिचा फोटोपण काढला!

दिवाळीत गावी पोहोचले. तासाभरात त्या 'सुंदर' धारेने मान टाकली. कड वळली, बोथट झाली. मग मी जोर लावायला लागले आणि तिथेच चुकलं. घाणेरीच्या एका जाड खोडावरून कोयता घसरला आणि माझ्या नडगीपासून चार बोटांवर मातीत रुतला. अंगाला घाम फुटला. आजी ओट्यावरून ओरडली, 'अगो, पुरे! तो आधी लोहाराकडे घेऊन जा.'

लोहारदादांनी पात्याची निळी कड बघितली आणि एकच वाक्य बोलले, 'पाणी उतरलंय ह्याचं.'

पाणी देणं म्हणजे पोलाद लाल तापवून पाण्यात बुडवणं. त्याने पातं कडक होतं. मग थोडं शेकून ते बेताचं नरम करतात, नाहीतर ते काचेसारखं ठिसूळ राहील. ग्राइंडरवर धार भलतीच तापली की हा सगळा कडकपणा निघून जातो. निळा रंग ही त्याचीच खूण. म्हणजे मी जिचा फोटो काढला होता, ती कोयत्याची जळलेली कड होती! दादांनी भात्यावर पातं पुन्हा तापवलं, पाणी दिलं, शेकलं. आणि म्हणाले, 'आता ह्याला मशीन दाखवू नका. कानस घ्या.'

मग दोन संध्याकाळी मी ओट्यावर बसून कानस शिकले. कोयता टेबलाच्या कडेला पक्का बांधायचा. कानस पुढे ढकलायची, परत आणताना उचलायची. मागे घासली तर तिचेच दात मरतात. कोन साधारण २० ते २५ अंश. तो कसा कळणार? कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा निम्मा दुमडा, साडेबावीस अंश तयार! धारेवर मार्कर फिरवायचा, म्हणजे कानस नेमकी कुठे लागतेय ते दिसतं. एका बाजूला घासताना पलीकडच्या बाजूला खरखरीत कड जाणवली की बाजू बदलायची. शेवटी कार्बोरंडमचा दगड पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवला की झालं. वस्तऱ्यासारखी बारीक धार मात्र करायची नाही, पहिल्याच गाठीवर तिचे तुकडे पडतात.

तिसऱ्या दिवशी तोच कोयता, तीच घाणेरी. तिरका एक घाव आणि फांदी खाली! जोर लावावाच लागला नाही. बोथट कोयता धारदार कोयत्यापेक्षा जास्त धोकादायक असतो, हे मला तेव्हा हाताला कळलं.

संध्याकाळी आजीने माळ्यावरून एक गुंडाळी काढायला लावली. तेलकट फडक्यात आजोबांची कोयती होती. घासून घासून पातं निम्मं उरलेलं, पण गंजाचा ठिपका नाही. आजोबांना जाऊन १४ वर्षं झाली.

'आजी, अगं, ही अजून इतकी छान कशी?'

'खंडेनवमीला काढते, पुसते, खोबरेल लावते. त्यात काय एवढं?'

मी गप्प. माझा डायलॉग आजीने मलाच ऐकवला होता!

त्या रात्री जेवण झाल्यावर आजी बॅटरी घेऊन एकटी पाखाडी उतरली, रस्त्यापर्यंत गेली आणि परत आली. ओट्यावर बसत म्हणाली, 'बरी झालीय.' माझ्या आजवरच्या कुठल्याही बायलाइनला इतकी भारी कॉम्प्लिमेंट मिळालेली नाही, आईशप्पथ!

कोयता केअर

* काम झालं की झाडांचा चीक लगेच पुसा, पातं कोरडं करा, वर तेलाचा हात फिरवा.
* लाकडी मुठीला वर्षातून एकदा जवसाचं तेल. मूठ हलायला लागली तर आधी दुरुस्ती, मग काम.
* आतल्या बाजूने वळलेल्या कोकणी कोयतीला सपाट कानस चालत नाही, अर्धगोल घ्या.
* पायात बूट हवेत, चपला नकोत. घाव पायापासून दूर जाईल असा घाला आणि आसपास कुणाला उभं राहू देऊ नका.
* मनगटाएवढ्या लाकडाला कुऱ्हाड किंवा करवत. कोयत्याला उगाच हीरो बनवू नका.
* नेताना धारेवर पुठ्ठा, वर गोणपाट. गाडीला लटकवून मिरवायचं नाही!