वारीची ट्रॉली, मुक्कामाचे घर

आषाढी वारीला दिंडीबरोबर सामानाची ट्रॉली निघते. तीच रात्रीचा निवारा व्हावी असे वाटत असेल, तर आठवडाभर आधीच कामाला लागा.

फाळक्यांवर लोखंडी पाइपाच्या कमानी बसवून ताडपत्री ताणा. मधोमध उंचवटा ठेवला म्हणजे पाणी साचत नाही. आत फळ्यांचा माचा करा. खाली शिधा नि भांडी, वर अंथरूण. दोन चाकी ट्रॉलीत जड सामान आसाच्या जरा पुढे असावे. भार मागे गेला की पुढची दांडी उचलते. मुक्कामाला चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, पुढे जॅक, मागे टेकू द्या.

आता मुख्य गोष्ट. पाऊस आहे म्हणून ताडपत्री चहूबाजूंनी बांधून आत चूल, शेगडी किंवा गॅस पेटवू नका. कोंडलेल्या जागेत जळणातून कार्बन मोनॉक्साइड वायू होतो. त्याला ना रंग, ना वास. झोपलेला माणूस झोपेतच दगावतो. पुढे-मागे वीतभर फट कायम ठेवा, पण फट आहे म्हणूनही शेगडी आत नेऊ नका. स्वयंपाक बाहेर, आडोशालाच.

आणि बायामाणसांना, पोरांना चालत्या ट्रॉलीत बसवू नका. ती मुक्कामाची जागा, प्रवासाची नव्हे. पंढरीच्या वाटेला पायच बरे!