क्वार्टर सरकारी, भिंत तिची

गेल्या रविवारी माझे एक जुने सीनियर, सुभेदारसाहेब, चहाला आले होते. बेंगळुरूत बदली होऊन मला आठ महिने झालेत, ते पहिल्यांदाच घरी आले. मुलीच्या खोलीत डोकावले आणि दारातच थांबले. तीन भिंती सरकारी क्रीम. चौथी खालच्या अर्ध्या भागात पोपटी, वरची कड वाकडीतिकडी. पलंग खिडकीला आडवा. कोपऱ्यात माझी काळी ट्रंक, तिच्यावर माझ्या नंबराखाली पांढऱ्या स्टेन्सिलमध्ये पोरीचं नाव.

साहेब म्हणाले, "अरे, अडीच वर्षांचा मुक्काम. मार्चिंग आउटला पैसे कापतील. आणि पोरीला इतकं डोक्यावर बसवू नकोस, हट्टी होईल."

चहाच्या टेबलावर सीनियरला उलट बोलायची आपल्याला सवय नाही. म्हणून इथे बोलतो.

आधी पैशांचं. एका जुन्या स्टेशनवर भिंतीतल्या सहा खिळ्यांच्या भोकांसाठी माझ्या पगारातून बॅरॅक डॅमेज कापलं गेलंय, त्यामुळे हे दुखणं मला माहीत आहे. सरकारी घर घेतलं तसं परत द्यावं, हा नियम योग्यच आहे. पण 'परत तसं द्या' आणि 'हातच लावू नका' यांत फरक आहे, आणि आपण फौजी लोकांनी तो स्वतःच पुसून टाकलाय. घरात कॅलेंडर लावायचं तरी खिडकीच्या गजाला सुतळीने बांधतो. अडीच वर्षं धर्मशाळेत उतरल्यासारखी काढतो.

आणि हेच आपण, जनरलसाहेब अर्ध्या तासाच्या भेटीला येणार म्हटलं की झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लावतो. रस्त्याकडेच्या दगडांनाही सोडत नाही! अर्ध्या तासासाठी दगड रंगतात, आणि जी पोरगी तिथे अडीच वर्षं झोपणार तिने भिंतीला बोट लावायचं नाही? मार्चिंग आउटच्या आधी दोन दिवस सुट्टी टाकीन आणि क्रीमचे दोन हात मीच मारीन. ब्रश मारणं मला फौजेनेच शिकवलंय.

आता हट्टाचं.

पोरगी साडेपाच वर्षांची आहे आणि हे तिचं चौथं घर. मी फील्डला होतो ती दोन वर्षं ती आईबरोबर सातारा जिल्ह्यात आजी-आजोबांकडे होती. इथे क्वार्टर मिळालं तेव्हा ती येण्याआधीच मी खोली तयार करून ठेवली. गुलाबी पडदे, गुलाबी चादर, भिंतीवर राजकन्यांचे स्टिकर. एका दिवसात काम फत्ते, फोटो गावी रवाना. तिने तीन दिवसांत नखांनी खरवडून सगळे स्टिकर काढले. मी ओरडलो तर माझ्याकडे बघत म्हणाली, "बेडा." शेजारच्या मुलांकडून उचललेला तिचा पहिला कन्नड शब्द. बेडा म्हणजे नको.

मी शिस्तीवर भाषण सुरू केलं. बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, तिला विचारलं होतं का तुम्ही?"

नव्हतं विचारलं. बदली झाली तेव्हा नाही, शाळा बदलली तेव्हा नाही, मैत्रिणी सुटल्या तेव्हा नाही. मलाही कोणी विचारलं नव्हतं म्हणा, पण मी सही करून भरती झालोय. तिने कुठे सही केली आहे?

या शहरात एक वाक्य उठता-बसता कानावर येतं, 'स्वल्प अॅडजस्ट माडी'. जरा जमवून घ्या. बसमध्ये चौथ्या माणसाला जागा करताना ते गोड वाटतं. पण फौजीच्या मुलांना आपण जन्मापासून हेच ऐकवतो आणि वर अभिमानाने सांगतो की आमची मुलं कुठेही अॅडजस्ट होतात. होतात की खालमानेनं गप्प बसतात, हे बघायला आपण घरी असतो कुठे?

मराठीत तीन हट्ट सांगतात : बालहट्ट, स्त्रीहट्ट, राजहट्ट. गंमत बघा, राजाचा हट्ट असला की त्याला हुकूम म्हणतात आणि मान तुकवतात. उरलेल्या दोघांचा तेवढा मोडून काढायचा. माझे वडीलही पेन्शनर फौजी. फोनवर त्यांचा सल्ला एवढाच, "दोन ठेवून दे." मी लहानपणी ते दोन खाल्लेत. भीती शिकलो. शिस्त पुढे ट्रेनिंगला उस्तादांनी शिकवली, आणि तीही प्रत्येक गोष्ट का करायची हे सांगून.

ताराबाई मोडकांचं नाव जुन्या वाचकांना आठवत असेल. १९४५ साली त्यांनी बोर्डीत काम सुरू केलं, १९५७ मध्ये कोसबाडला गेल्या, बरोबर अनुताई वाघ. आदिवासी मुलं शाळेत येईनात. पोरं आडमुठी आहेत म्हणून हात झटकणं सोपं होतं. त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात. मूल का येत नाही, हे आधी पाहिलं.

मला तेवढी अक्कल पलंगामुळे आली. पोरीला तो खिडकीला आडवाच हवा होता. त्यामुळे कपाटाचं एक दार अर्धंच उघडतं. मी दोनदा सरळ केला, तिने दोनदा ढकलून आडवा केला. तिसऱ्या दिवशी मी कारण विचारलं. म्हणाली, "इथून गेट दिसतं. तुम्ही परत गेलात तर मला दिसेल."

मागच्या वेळी मी पहाटे, ती झोपेत असताना निघालो होतो. उठवलं तर रडेल म्हणून. पलंग आता आडवाच आहे.

म्हणजे सगळं तिच्या हातात दिलं का? नाही. कपाट भिंतीला क्लॅम्पने पक्कं करणं, पलंग खिडकीशी असल्यामुळे गजांची पकड तपासणं, प्लगच्या भोकांना झाकणं, हे माझे हुकूम. तिथे चर्चा नाही. रंगाचा दर्जाही मी ठरवला. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. तेव्हा डब्यावर तसं लिहिलेलं बघून घेतलं, आणि जुना थर कोरडा न घासता ओला करून काढला, धूळ उडू नये म्हणून. रंग कोणता हे तिने ठरवलं. उंचीही तिनेच : हात वर करून जिथवर पोचेल तिथवर. म्हणून कड वाकडी आहे, साहेब. चवड्यांवर उभी राहून तिने स्वतः मारली आहे.

खुंट्यांसाठी म्हैसूर रस्त्याने चन्नपट्टणला गेलो, साठेक किलोमीटर. तिथे लेथवर फिरणाऱ्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून रंग चढतो, मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून चकाकी आणतात. पोरगी पाऊण तास एका जागी उभी राहून बघत होती. हीच ती हट्टी मुलगी. चार खुंट्या घ्यायच्या ठरल्या होत्या, तिने पाच घेतल्या. पाचवी माझ्या टोपीची. पाच खुंट्यांची पाच भोकं, साहेब, हिशेबात धरा.

सध्या वाद छताचा आहे. तिला ते काळं हवंय, चांदण्या काढायला. मी नाही म्हणालो. तिने कारण विचारलं आणि मला धड सांगता आलं नाही. शनिवारपर्यंत मुदत मागून घेतली आहे.