तिसरा पक्ष हवा, पण आधी मतमोजणी बदला

अमेरिकेत तिसऱ्या पक्षाची मागणी नवी नाही आणि ती करणारे थोडेथोडकेही नाहीत. गॅलपच्या २०२३ च्या पाहणीत ६३ टक्के लोकांनी सांगितले की, रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक या दोन्ही पक्षांचा कारभार इतका निराशाजनक आहे की आता तिसरा मोठा पक्ष हवाच. त्यानंतर काय झाले? ‘नो लेबल्स’ या संघटनेने मध्यममार्गी उमेदवार उभा करण्याचा खटाटोप एप्रिल २०२४ मध्ये गुंडाळला. रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपली अपक्ष मोहीम थांबवून ट्रम्प यांना पाठिंबा दिला. जुलै २०२५ मध्ये ट्रम्प यांच्याशी बिनसल्यावर इलॉन मस्क यांनी ‘अमेरिका पार्टी’ची घोषणा केली, तिचा गाजावाजा घोषणेपुरताच राहिला. लोकांची इच्छा आहे, पैशाला तोटा नाही, तरी पक्ष काही उभा राहत नाही. याचे खापर नेत्यांच्या धरसोडीवर फोडणे सोपे आहे, पण खरे कारण मते मोजण्याच्या पद्धतीत आहे. अमेरिकेला तिसऱ्या पक्षाचा फायदा होईल असे मलाही वाटते. मात्र आजच्या पद्धतीत तो दुबळा असला तर निरुपयोगी, मध्यम असला तर मते खाणारा आणि खरोखर बलवान झाला तर घातक ठरेल.

इतिहास काय सांगतो ते पाहू. १९९२ मध्ये टेक्ससचे उद्योजक रॉस पेरो यांनी टीव्हीवर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा विकत घेतल्या आणि हातात तक्ते धरून, छडी फिरवत सरकारच्या कर्जाचा हिशेब लोकांना समजावला. त्यांना १८.९ टक्के, म्हणजे जवळपास १ कोटी ९७ लाख मते पडली. अध्यक्ष ठरवणारी राज्यवार इलेक्टोरल मते मात्र शून्य, कारण ४८ राज्यांत पहिला येणाऱ्यालाच सगळे माप मिळते आणि पेरो एकाही राज्यात पहिले आले नाहीत. १९४८ ची निवडणूक तर याहून बोलकी आहे. त्या वर्षी दोन बंडखोर रिंगणात होते. वर्णभेदाचे समर्थक स्ट्रॉम थर्मंड आणि डावे हेन्री वॉलेस या दोघांनाही साधारण २.४ टक्केच मते मिळाली. थर्मंड यांची मते दक्षिणेत एकवटलेली होती, म्हणून त्यांना ३९ इलेक्टोरल मते. वॉलेस यांची देशभर विखुरलेली, म्हणून त्यांच्या पदरी काहीच नाही. ही पद्धत तिसऱ्या पक्षाला सरसकट नाकारत नाही. एका प्रांताच्या अस्मितेवर, रागावर उभा राहणारा पक्ष तिला चालतो. देशभरातल्या लोकांना एका विचारावर एकत्र आणू पाहणाऱ्याला ती रिकाम्या हाताने परत पाठवते. ज्या मध्यममार्गी पक्षाची आस अमेरिकी मतदाराला आहे, तो नेमका या दुसऱ्या जातीचा.

मते खाण्याचा प्रकार मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडात रिपब्लिकन जॉर्ज बुश डेमोक्रॅट अल गोर यांच्याविरुद्ध ५३७ मतांनी जिंकले आणि तिथेच ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना ९७,४८८ मते पडली होती. नेडर नसते तर ती सगळी गोर यांना गेली असती असे नाही. अनेक जण घरीच बसले असते. पण त्यातल्या फार थोड्यांनी जरी गोर यांना मत दिले असते, तरी निकाल फिरला असता. पर्यावरणाच्या काळजीपोटी दिलेल्या मतांचा लाभ अखेर तेल उद्योगातून आलेल्या उमेदवाराला झाला.

आता समजा, तिसरा पक्ष पेरोंपेक्षाही जोरदार निघाला आणि त्याने चार-सहा राज्ये जिंकली. ५३८ पैकी २७० इलेक्टोरल मते कुणालाच मिळाली नाहीत, तर बाराव्या घटनादुरुस्तीनुसार अध्यक्षाची निवड प्रतिनिधीगृह करते आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत असते. जवळपास चार कोटी लोकांच्या कॅलिफोर्नियाचे एक मत, सहा लाखांहूनही कमी लोकांच्या वायोमिंगचेही एकच. १८२४ च्या निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सन सर्वांच्या पुढे होते, पण प्रतिनिधीगृहाने जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांना अध्यक्ष केले. १९६८ मध्ये जॉर्ज वॉलेस यांनी दक्षिणेतली पाच राज्ये घेतली तेव्हा त्यांचा डाव हाच होता: कुणालाच बहुमत मिळू द्यायचे नाही आणि मग सौदा करायचा. तो थोडक्यात हुकला. त्याचा धसका एवढा होता की पुढच्याच वर्षी प्रतिनिधीगृहाने इलेक्टोरल कॉलेज रद्द करण्याची घटनादुरुस्ती ३३८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केली. सिनेटमध्ये ती अडली, आणि धोका आजही तसाच आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो. तिसऱ्या पक्षाला सत्ता मिळाली नाही तरी त्याचे विचार मोठे पक्ष उचलतात, मग बिघडले कुठे? यात तथ्य आहे. १८९२ मध्ये पॉप्युलिस्ट पक्षाने चढत्या दराचा आयकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक मागितली; १९१३ मध्ये दोन्हींची वाट घटनादुरुस्तीने मोकळी झाली. पेरो हरले, पण तुटीचा विषय त्यांनी असा लावून धरला की नंतर दोन्ही पक्षांना तो टाळता आला नाही. पण ही कथा जुन्या अमेरिकेची झाली. आज बंडखोराला वेगळा पक्ष काढण्याची गरजच पडत नाही, कारण प्राथमिक निवडणुकीतून अख्खा पक्षच ताब्यात घेता येतो. ट्रम्प यांनी १९९९-२००० मध्ये पेरोंच्याच रिफॉर्म पक्षाची उमेदवारी मिळवण्याची चाचपणी केली आणि माघार घेतली. २०१६ मध्ये त्यांनी रिपब्लिकन पक्ष जिंकला. आयुष्यभर अपक्ष म्हणून निवडून आलेले बर्नी सँडर्सही त्याच वर्षी डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत उतरले. परिणामी ट्रम्प न आवडणाऱ्या परंपरावादी मतदारापुढे दोनच वाटा उरतात: आपल्याला नको असलेला नेता पत्करायचा, नाहीतर ज्यांची धोरणे पटत नाहीत अशा विरोधी पक्षाला मत द्यायचे. तिसऱ्या पक्षाची खरी गरज या कोंडीत सापडलेल्या मतदाराला आहे.

भारतातल्या वाचकाच्या मनात दुसरा आक्षेप येईल. आपल्याकडेही ज्याला जास्त मते तो विजयी हीच पद्धत आहे, मग इथे पक्षांचे एवढे पीक कसे आले? एक तर इथले बरेच पक्ष आपापल्या राज्यात पहिले किंवा दुसरे असतात. देशात तिसरे, पण चेन्नईत पहिले. दुसरे म्हणजे पंतप्रधान लोकसभेच्या बहुमतावर टिकतो, त्यामुळे पाच-सात खासदारांच्या पक्षालाही मोल येते. अमेरिकेत अध्यक्षपद वाटून घेता येत नाही आणि काँग्रेसच्या सदस्याला सदस्यत्व सोडल्याशिवाय मंत्री होता येत नाही. आणि आपल्याकडेही मतदारसंघाच्या पातळीवर हे दुखणे आहेच. २०१९ मध्ये औरंगाबाद लोकसभा मतदारसंघात इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी निवडून आले तेव्हा अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी दोन लाख ८० हजारांवर मते घेतली होती.

उपाय अमेरिकेतच सापडतो, मेन या ईशान्येकडच्या छोट्या राज्यात. २०१० मध्ये तिथे पॉल लपाज जेमतेम ३८ टक्के मतांवर गव्हर्नर झाले. अपक्ष एलियट कटलर ३६ टक्क्यांवर आणि डेमोक्रॅट उमेदवार १९ टक्क्यांवर होत्या. लोकांनी त्यातून धडा घेतला आणि २०१६ च्या सार्वमतात पसंतिक्रमाचे मतदान स्वीकारले. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मत दिलेल्यांना दुसऱ्या पसंतीची मोजणी परिचयाची आहे. इथेही तत्त्व तेच. २०१८ मध्ये मेनच्या दुसऱ्या मतदारसंघात रिपब्लिकन ब्रूस पोलिक्विन पहिल्या फेरीत सुमारे दोन हजार मतांनी पुढे होते. निम्मी मते मात्र कुणालाच नव्हती. मग दोन अपक्षांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली आणि डेमोक्रॅट जॅरेड गोल्डन जिंकले. अपक्षांना मत देणाऱ्यांचे मत वाया गेले नाही आणि त्यांनी कुणाचा खेळही बिघडवला नाही. गंमत अशी की ज्या गव्हर्नरपदामुळे हे सगळे सुरू झाले, त्याच्या सार्वत्रिक निवडणुकीला ही पद्धत लागूच होत नाही. मेनच्या राज्यघटनेतली भाषा आड आली.

अशा सुधारणेने देश अस्थिर होईल, छोटा पक्ष मोठ्यांना नाचवेल, ही भीती खोटी नाही. न्यूझीलंडमध्ये १९८१ साली सोशल क्रेडिट पक्षाला २०.७ टक्के मते मिळूनही ९२ पैकी दोनच जागा मिळाल्या. अशा निकालांना कंटाळून लोकांनी १९९३ मध्ये प्रमाणशीर पद्धत निवडली. १९९६ च्या पहिल्याच निवडणुकीनंतर विन्स्टन पीटर्स यांनी दोन्ही बाजूंशी बोलणी करत सरकार बनायला जवळपास दोन महिने लावले. लोक वैतागले. तरीही २०११ मध्ये पुन्हा विचारल्यावर सुमारे ५८ टक्क्यांनी तीच पद्धत ठेवायला कौल दिला. राहिली अमेरिकेची स्थिरता. जानेवारी २०२३ मध्ये केविन मॅकार्थी यांना सभापती व्हायला मतदानाच्या १५ फेऱ्या लागल्या आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच पक्षाच्या आठ जणांनी डेमोक्रॅट्सच्या मतांसोबत त्यांना घालवले. आघाडीचे राजकारण तिथे आधीपासूनच आहे, फक्त पक्षाच्या बंद दाराआड. त्या आठ जणांची वेगळी पाटी असती, तर मतदाराला निदान त्यांचा हिशेब वेगळा मागता आला असता.

दोन्ही पक्ष आपल्या पायावर धोंडा कशाला मारून घेतील, हा प्रश्न सर्वांत अवघड. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोलोरॅडो, नेवाडा, ओरेगन, आयडाहो या राज्यांत पसंतिक्रमाचे प्रस्ताव पडले. अलास्कात ही पद्धत रद्द होता होता काही शे मतांनी वाचली. म्हणजे मतदारालाही ती अजून पुरती पटलेली नाही. पण इथे एक गोष्ट नजरेआड होते. प्रतिनिधीगृहासाठी एका मतदारसंघातून एकच सदस्य, हा नियम राज्यघटनेत नाही. तो १९६७ च्या साध्या कायद्यात आहे आणि घटनादुरुस्तीशिवाय बदलता येतो. मॅसॅच्युसेट्समध्ये २०२४ मध्ये ट्रम्प यांना ३६ टक्के मते मिळाली, तरी राज्याच्या नऊच्या नऊ जागा डेमोक्रॅट्सकडे आहेत. ओक्लाहोमात कमला हॅरिस यांना जवळपास एक तृतीयांश मते, आणि पाचही जागा रिपब्लिकनांच्या. नऊ जागांचे तीन-तीन सदस्यांचे तीन मतदारसंघ करून पसंतिक्रमाने मोजणी केली, तर पाव भागाहून थोडी जास्त मते मिळवणारा गटही एक सदस्य निवडून आणू शकतो. मॅसॅच्युसेट्समधून असे येणारे रिपब्लिकन ओक्लाहोमातल्या रिपब्लिकनांसारखे नसतील आणि ओक्लाहोमातले डेमोक्रॅट न्यूयॉर्कसारखे नसतील. २२० विरुद्ध २१५ असे काठावरचे बहुमत निवडून आलेल्या गृहात असे दहा-बारा जण एकत्र बसले, तर अध्यक्षपदाची एकही निवडणूक न लढवता तिसरा पक्ष उभा राहू शकतो. मस्क यांनीही आपल्या घोषणेच्या दिवसांत दोन-तीन सिनेटर आणि आठ-दहा प्रतिनिधींवर लक्ष केंद्रित करण्याची भाषा केली होती. हिशेब बरोबर होता. पण ते आकडे त्यांना आजच्याच पद्धतीत, आजच्याच एकसदस्यीय मतदारसंघांतून मिळवायचे होते.