अतिभोजनाच्या शर्यती



भोजनाच्या शर्यतींतील विजेत्यांना मल्लांच्या पंक्तीस बसविणाऱ्या पत्रलेखकांचे मत मला सर्वथा अमान्य आहे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर २०२१ साली जोई चेस्टनट याने दहा मिनिटांत ७६ हॉटडॉग संपविले, आणि ते अभ्यासाविना साधत नाही, हे खरे; परंतु तालमीतील मेहनतीने देह बळकट होतो, तर येथे तृप्तीची जी सूचना जठर मेंदूस देते तीच बधिर करण्याचा खटाटोप चालतो, आणि घाईने गिळलेला घास श्वासनलिकेत अडकल्यास प्राणावर बेतते. एकादशीचे व्रत करून द्वादशीस पारणे करणाऱ्या अंबरीष राजाची कथा जेथे भगवंताच्या मंदिराशी निगडित आहे, त्या बार्शीत अशी शर्यत भरविण्याची सूचना त्या पत्रलेखकांनी कृपया मागे घ्यावी.

आपला,
एक वाचक, बार्शी